घरचं खाणं बदलायचंय? आधी किराण्याची यादी काढा

"उद्यापासून मैदा बंद, साखर बंद, तळलेलं बंद!" ही घोषणा ठाण्यातल्या बहुतेक घरांत वर्षातून एकदा तरी होते. बहुधा कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की. चौथ्या दिवशी नाचणीचं सत्त्व कपाटात मागे सरकतं, पोरं शेजारी जाऊन क्रीमची बिस्किटं खातात आणि रविवारी गोखले रोडवरून येताना कुणीतरी गरम वडापाव बांधून आणतंच. मग सगळा दोष इच्छाशक्तीच्या माथी. खरं म्हणजे अशा घोषणेत तिघांना विचारलेलंच नसतं: जिभेला, पोटाला आणि ओट्याशी उभं राहणाऱ्या माणसाला. या तिघांचाही बदलायचा वेग ठरलेला असतो, आणि तो आपल्या उत्साहापेक्षा बराच कमी असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी सुमारे ५६ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे विषय गंभीर आहे, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की नैसर्गिक खाण्याकडे वळायला सुरुवात कुठून करायची.

"नैसर्गिक" कशाला म्हणायचं

पाकिटावर हिरवं पान छापलं म्हणून आतला माल नैसर्गिक होत नाही. यासाठी एक बरी फूटपट्टी आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस माँटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास 'नोव्हा' नावाची वर्गवारी मांडली. पदार्थात प्रोटीन किती, फॅट किती हे न बघता त्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली, हे ती बघते.

शेंगदाणा घ्या. सोललेला, भाजलेला शेंगदाणा पहिल्या गटात. त्याचं तेल दुसऱ्या गटात. साखर, मीठ, तूपही तिथेच, कारण या गोष्टी आपण नुसत्या खात नाही, स्वयंपाकात वापरतो. खारे दाणे तिसऱ्या गटात. आणि शेंगदाण्याचा स्वाद, ग्लुकोज सिरप, इमल्सिफायर, पाम तेल एकत्र करून चकचकीत कागदात गुंडाळलेला 'एनर्जी बार' चौथ्या गटात, म्हणजे अतिप्रक्रिया केलेला पदार्थ. ओळखायची खूण सोपी आहे. मागची घटकांची यादी वाचायची आणि त्यातलं काय काय आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत सापडेल ते बघायचं. लोकांच्या घरी जिरं असतं, माल्टोडेक्स्ट्रिन नसतं.

चौथ्या गटाने बिघडतं काय? २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल यांनी २० माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं अन्न. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, फॅट, मीठ, फायबर सारखंच. खायचं मात्र हवं तेवढं. अतिप्रक्रिया केलेल्या आठवड्यांत माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि वजन जवळजवळ किलोभर वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच कमी झालं. माणसं थोडी होती हे खरं, पण मोजमाप काटेकोर होतं. ती माणसं ते अन्न भराभर खात होती, हेही त्यात दिसलं. मऊ, फारसं चावावं न लागणारं अन्न पोट "बास" म्हणायच्या आत खाऊन होतं.

या फूटपट्टीचा अतिरेकही करू नये. पिशवीतलं दूध, साधं विकतचं दही, फ्रीझरमधले मटार यांना घाबरण्यासारखं काही नाही. फ्रोझन मटार पहिल्याच गटात बसतात. संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्या माणसासाठी तर ते वरदान आहे.

महिन्याचं बिल

आता मुद्द्याचं. ताटावर पहारा ठेवण्यापेक्षा घरात काय शिरतं ते बघणं सोपं. गेल्या महिन्याची वाण्याची यादी किंवा ॲपवरची बिलं काढा आणि तीन ओळींवर खूण करा: तेल, साखर, मीठ. हिशेब चार माणसांच्या घराचा धरू.

तेल-तूप मिळून माणशी दिवसाला २७ ग्रॅम, असं पोषण संस्थेचं दोन हजार कॅलरींचं ताट सांगतं. चार माणसं, तीस दिवस: सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल आणि वर तुपाची बरणीही रिकामी होत असेल, तर "आमच्याकडे फार तेलकट नसतं हो" या वाक्याला अर्थ नाही.

साखरेची जागतिक आरोग्य संघटनेची अधिक कडक मर्यादा माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या जवळ आहे. चौघांचे महिन्याचे तीन किलो. पण त्यात सरबत, बिस्किटं, जॅम, सॉस, मुलांच्या दुधातली चॉकलेटी पावडर सगळं आलं. गूळ आणि मधही आले. गुळात थोडंफार लोह आणि इतर खनिजं असतात, पण तो मुख्यतः साखरच आहे. साखरेऐवजी दोन खडे जास्त गूळ टाकून "हेल्दी" झालं म्हणणं ही स्वतःची समजूत. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशा दुधातल्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं सांगितलं. त्या डब्याच्या मागचा साखरेचा आकडा एकदा वाचून बघा.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं. चौघांत महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे बाहेरून काहीच खारट आलं नाही तरी एक किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. फरसाण, पापड, लोणचं, सुकट, पाकीटबंद सूप येतंच, तेव्हा तिने दोन महिने टिकायला हरकत नाही.

चौथी ओळ उलट्या दिशेची. भाजी आणि फळं मिळून माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम, बटाटा न धरता. चौघांचे एक किलो ६०० ग्रॅम. आपल्याकडे चार माणसांत अर्धा किलो भेंडी आणि रविवारी पपई असा मामला असतो. एकदम दीड किलोवर उडी मारलीत तर भाजी फ्रिजमध्ये सडेल आणि पैसे जातील. आधी रोजचा एक किलो होऊ दे.

हे चार आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा आणि दर महिन्याला त्यातला एकच हलवा. तेल अर्ध्या लिटरने खाली. पुढच्या महिन्यात साखर पाव किलोने खाली. कुणाला उपदेश नाही, कुणाच्या ताटावर नजर नाही. घरात आणलंच नाही की खाल्लंही जात नाही.

"तेल कुठलं?" हा प्रश्न लगेच येतो, आणि घाण्याचं की रिफाइंड यावर सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस जुंपते. घाण्याच्या तेलाला चव असते, बियांचे काही गुण त्यात टिकतात, आवडत असेल तर जरूर घ्या. पण पाच लिटर घाण्याचं तेल हे तीन लिटर साध्या तेलापेक्षा बरं नाही. आधी माप, मग प्रकार. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवायचं नाही, एवढं मात्र दोन्हीला लागू. सेंद्रिय भाजीचंही तसंच. परवडत असेल तर उत्तम, पण साधी मेथी नीट धुऊन रोज खाणारं घर महिन्यातून एकदा महागडी सेंद्रिय मेथी खाणाऱ्या घराच्या पुढे आहे.

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. त्यामुळे 'आटा' असं ठळक लिहिलेल्या बिस्किटात पहिला घटक मैदा निघाला, तर काय समजायचं ते समजा. ब्राउन ब्रेडच्या यादीत १५० ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर तो तपकिरी रंग कॅरमेलचा आहे, कोंड्याचा नाही. आणि सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं: १०० ग्रॅममध्ये १२०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ३ ग्रॅम मीठ. एवढ्या तीन गोष्टी पुरे. दुकानात चष्मा लावून केमिस्ट्रीचा पेपर सोडवायची गरज नाही.

जीभ आणि पोट

जिभेची गंमत अशी, की ती खारटपणा आणि गोडवा सवयीच्या तुलनेत मोजते. मीठ कमी केलं की पहिले काही दिवस आमटी पाणचट लागते. पण कमी मिठावर दोनेक महिने काढले की पूर्वीचीच आमटी खारट वाटायला लागते. म्हणून पायरी इतकी लहान हवी की कुणाच्या लक्षात येऊ नये. चहात दोन चमचे घेणाऱ्या आजोबांना एकदम बिनसाखरेचा चहा दिलात तर ते खाली टपरीवर जाऊन पितील, आणि टपरीवाला त्यांना तीन चमचे घालून देईल. पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. मिठाची उणीव कोकम, चिंच, लिंबू, आलं, ओली मिरची, भाजलेलं जिरं यांनी भरून निघते. आमसुलाच्या आमटीला मीठ कमी लागतं, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा.

मुलांचं शास्त्र वेगळं आहे. नवी भाजी मूल पहिल्यांदा नाकारतं, ते बहुतेक वेळा हट्ट म्हणून नाही. अनोळखी गोष्ट तोंडात घालायची नाही ही लहान वयातली उपजत सावधगिरी असते. तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आली, जबरदस्तीशिवाय, तर बरीच मुलं ती स्वीकारतात. आपण तिसऱ्या वेळी "त्याला दुधी आवडतच नाही" असं जाहीर करून मोकळे होतो, तेही त्याच्यासमोर. त्यापेक्षा नैवेद्याएवढी वाढा, एक चमचा. खाल्ली तर वाहवा नाही, टाकली तर ओरडा नाही. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची वाटणीच करून दिली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. "ताटातलं संपवल्याशिवाय उठायचं नाही" यावर वाढलेल्या आपल्या पिढीला हे जड जातं. त्यावर उपाय असा, की मुळात कमी वाढायचं.

पोटाचं सांगायचं तर, फायबर एकदम वाढवलं की आतड्यातल्या जिवाणूंना अचानक मेजवानी मिळते आणि गॅस होतो, पोट फुगतं. सोमवारी कडधान्य, मंगळवारी बाजरी, बुधवारी कोंड्याची पोळी असा सपाटा लावला तर गुरुवारी अख्खं घर तक्रार करणार. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवा आणि पाणी वाढवा. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या.

भाकरीबद्दल एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. अन्नघटकांच्या भारतीय तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत फायबर १० ग्रॅमच्या आसपास, बाजरीत आणि नाचणीत ११ च्या आसपास. आणि गव्हाच्या न चाळलेल्या पिठात? तेही ११ च्या आसपास. मैद्यात आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र तीनपेक्षा कमी. म्हणजे गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाची पोळी सोडून भाकरीवर जाण्यात फायबरचा फायदा नाहीच. खरा फरक पाव, बिस्किट, नूडल्स आणि भाताची दुसरी वाढ कमी केल्यावर पडतो. भाकरीची कारणं वेगळी: नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम, बाजरीत पांढऱ्या तांदळाच्या अनेक पट लोह. आणि ठेच्याबरोबर पोळी खाणं म्हणजे काहीतरीच.

सुरुवात गिरणीवाल्याकडून करा. पाच किलो गव्हात अर्धा किलो ज्वारी किंवा नाचणी टाकून दळून आणा. कुणाला कळणारही नाही. पुढच्या दळणाला एक किलो. त्यापुढे गेलात की पोळी लाटताना कडा फाटायला लागतात, कारण पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन या धान्यांपैकी फक्त गव्हात आहे. भाकरीला त्याची गरज पडू नये म्हणून उकड काढतात: उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, पिठातला स्टार्च पाणी पिऊन चिकट होतो, मग सोसवेल इतकं गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी अशीच होते, म्हणून तर ती दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही. "आपलं पारंपरिक म्हणजे ज्वारी-बाजरी" हे घाटावरचं खरं आहे. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या आजीचं पारंपरिक म्हणजे भात, तांदळाची भाकरी आणि मासे. तिच्या भातावर टाच आणण्यापेक्षा सोबत तळलेल्या पापलेटऐवजी बांगड्याचं किंवा तारलीचं आंबट कालवण आलं, तर ओमेगा-३ पण मिळालं आणि तेलही वाचलं. तारली स्वस्त म्हणून तिला कमी लेखतात, हा अन्याय आहे.

ओट्याशी कोण उभं राहणार

सगळ्यात मोठा अडथळा इथे आहे, आणि आहाराच्या सल्ल्यांत नेमका हाच गाळलेला असतो. पाकीटबंद पदार्थ चव विकतातच, पण त्याहून जास्त वेळ विकतात. मेथी निवडायला वीस मिनिटं, मटकीला मोड यायला दीड दिवस, भाकरी एक-एक करून थापायची. सहा चाळीसची फास्ट लोकल पकडून ठाण्याला उतरणारी, तिथून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकणारी बाई "पॅकेट बंद करा" या सल्ल्यावर हसेल नाहीतर काय करेल? घरातल्या खाण्याचा प्रत्येक बदल हा कुणाच्या तरी अर्ध्या तासाचा बदल असतो. तो अर्धा तास कुणाचा, हे आधी ठरवा. भाजी निवडायला, लसूण सोलायला बाईच लागते असं कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वात लिहिलेलं नाही. टीव्हीसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला दोन हात असतात.

स्वयंपाकाला मावशी येत असतील तर बदल त्यांच्याशी बोलून करावा लागतो, फ्रिजवर चिठ्ठी लावून नाही. "मावशी, तेल या छोट्या चमच्यानेच घालाल का? चार माणसांच्या भाजीला तीन चमचे." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "ताई, मग तेल सुटत नाही. दादा म्हणतात चव नाही, बोलणी मला बसतात." बरोबरच आहे त्यांचं. म्हणून दादांना आधी सांगा. आणि तेलाच्या भांड्यातली पळी काढून चमचा ठेवा. सूचनेपेक्षा भांडं जास्त काम करतं. कांदा झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारत परतला की कमी तेलातही शिजतो.

रविवारच्या तासाभरात आठवड्याचं बरंच काम होतं. मटकी-मूग शनिवारी रात्री भिजवून रविवारी फडक्यात बांधले की आपल्या दमट हवेत लवकर मोड येतात. पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवा, आंबूस वास यायला वेळ लागत नाही, मोड आले की लगेच फ्रिजमध्ये. मोड आणल्याने कडधान्यातलं, लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. वरून लिंबू पिळलं तर आणखी, कारण क जीवनसत्त्व. जेवण झाल्या झाल्या चहा घेतला की त्यातले टॅनिन नेमकं उलटं करतात. तासाभराचं अंतर ठेवा. खोवलेला नारळ, सोललेला लसूण, निवडलेली कोथिंबीर तयार असेल तर बुधवारी रात्री ऑर्डर द्यायचा मोह निम्मा होतो.

भाकरी घरी जमत नसेल तर नौपाड्यापासून वाशीपर्यंत पोळीभाजी केंद्रं कशासाठी आहेत? भाकरी तिथून आणा, उसळ आणि कोशिंबीर घरी करा. यात हार वगैरे काही नाही.

खरी घसरण होते ती संध्याकाळी सात ते नऊमध्ये. दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस साडेसातला घरी येतो तेव्हा त्याला भूक नसते, आग लागलेली असते. त्या क्षणी समोर फरसाणाचा डबा असेल तर फरसाण, मोबाइल असेल तर दहा मिनिटांत येणारं काहीतरी. याची तोड घरी नाही, बॅगेत आहे: फुटाणे, दाणे, एखादं केळं, गाडीत बसायच्या आधी. घरी आल्यावर कुकरला मुगाची खिचडी वीस मिनिटांत होते, आणि तेवढा वेळ धीर धरता येतो.

शनिवारचा वडापाव, मामलेदारची मिसळ, गणपतीतले उकडीचे मोदक यादीत राहू द्या. ज्या बदलात मिसळ बसत नाही, तो ठाण्यात टिकणार नाही.

बाजार बदलला की खाणंही बदलतं. जांभळी नाक्याच्या मंडईत महिन्यातून दोनदा जरी पायी फेरी मारलीत तरी ॲपवर न दिसणाऱ्या भाज्या हाताला लागतात. पावसाळ्यात तर येऊरच्या, शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, करटोली, शेवळं घेऊन येतात. ती भाजी कशी करायची ते त्यांनाच विचारा, त्या अगदी बैजवार सांगतात. शेवळं चुकीची केली तर घशाला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळं किंवा चिंच घालतात. ओळख पटल्याशिवाय स्वतः डोंगरावरून काही खुडून आणायचं मात्र नाही.

घरात कुणी औषधावर असेल तर दोन गोष्टी डॉक्टरांना विचारूनच करा. एक, 'लो सोडियम' मीठ: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. दुसरी, मधुमेहात भात-पोळी एकदम कमी करणं: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रक्तातली साखर खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. आणि एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची आधीच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तेव्हा पंधरा दिवसांत ती परत करून "काही फरक नाही" म्हणत बसू नका. तीन महिन्यांनी करा, तोवरची किराण्याची बिलं सोबत घेऊन जा आणि गोळीचा डोस काय करायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या.